डॉर्कसच्या लड्या

गोठ्यात दूध काढताना डॉर्कसनं आईबापाचं भांडण ऐकलं, तेव्हा ती ऐन विशीत होती.

"तिनं लग्नासाठी कातलेल्या सुताच्या लड्या पुन्हा बाजारात नेल्या ना तुम्ही?" आई म्हणाली.

"मग खायचं काय? ओटच्या भाकऱ्या आढ्याला वाळायला आपोआप लटकत नाहीत."

"मायल्स थांबेल कुठवर?"

"भिंती रचणारा माणूस तो. दगडाला कसली घाई?"

इंग्लंडातल्या यॉर्कशरातल्या आमच्या खोऱ्याची रीतच तशी. पोरीनं आपलं अंथरूण, पांघरूण आणि अंगावरचं सगळं स्वतः कातल्याशिवाय लग्नाची गोष्ट काढायची नाही. डॉर्कस कातायची, बाप विकायचा. घर तिच्या सुतावर चालायचं, मग रीत पुरी व्हायची कशी? ऐकलेलं तिनं गिळलं आणि दुसऱ्या दिवसापासून लवकर उठू लागली, जरा जास्त कातलं तर दोन्ही भागेल म्हणून. बाप जरा जास्त विकू लागला.

मायल्सनं तीन हिवाळे वाट पाहिली आणि पलीकडच्या खोऱ्यातली बायको आणली. माणूस वाईट नव्हता.

इंग्रजीत कातणारीला स्पिन्स्टर म्हणत. दिवसभर लोकर कातायच्या मोठ्या चाकापुढं उभं राहायला मोकळ्या असायच्या त्या बिनलग्नाच्याच, म्हणून तो शब्द हळूहळू त्यांनाच चिकटला आणि कातणं मागं पडलं. पाद्रीबाबा चर्चच्या वहीत तिच्या नावापुढं तोच लिहायचे. तिनं कधी हरकत घेतली नाही. खोटं काय होतं त्यात?

आईबाप गेले, भावाचा संसार आला. मग नदीकाठी सूत कातायची गिरणी उभी राहिली.

"वन्सं, चाक हलवा ना आता," भावजय म्हणाली. "तिथं पाळणा ठेवायचाय."

"एवढी लोकर होऊ दे गं."

घरोघर कातायला लोकर वाटणाऱ्या व्यापाऱ्यानंही सांगून टाकलं होतं, "डॉर्कसबाई, गिरणीचं सूत निम्म्यात पडतं. ही शेवटची लोकर. पुढं येऊ नका."

तिनं ती कातली. पहिल्यासारखीच बारीक, एकही गाठ नाही. धुऊन, वाळवून लड्या पाठीवर बांधल्या आणि सोमवारी उतार उतरली. वाटेत मायल्सनं रचलेली भिंत लागते. तिथं ती दम खायला टेकायची, तशी टेकली.

व्यापाऱ्याच्या तराजूत लड्या ठेवून ती म्हणाली, "वजन वाढवायला ओल्या ठेवल्या नाहीत हो, दाबून बघा."

त्यानं दाबून बघितल्या.