कान मोकळे करायला पुरीला

मागच्या हिवाळ्यात आम्ही पुरीला गेलो, तेव्हा मी वहीत एक यादी केली होती. थंडीत समुद्रकिनारी काय काय करता येतं ते फोनवर शोधून लिहिलं होतं: सूर्योदय बघणे, ओल्या वाळूवरून अनवाणी चालणे, लाटांत आंघोळ, उंटाची फेरी, होडी, पतंग. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. म्हणून गॅसचा फॉर्म माझ्याकडे, रेशन कार्डावरचा फोटो माझ्याकडे, गाडीचं आरक्षण माझ्याकडे, आणि समुद्रावर मजा कशी करायची हेही माझ्याकडेच. यादीत सहा गोष्टी झाल्या. सातवी बाबांनी सांगितली आणि ती लिहू नको म्हणाले.

"कानात मिठाचं पाणी घ्याचं हाय मले. तुह्या आईले नको सांगू."

बाबा लोखंडाच्या एका खासगी रोलिंग मिलमध्ये काम करतात. दुर्गजवळच्या खुर्सीपारमधल्या आमच्या घरापासून ती सायकलने वीस मिनिटांवर आहे. त्यांचं काम क्रेनला इशारे द्यायचं. क्रेनवाला वर केबिनमध्ये बसतो, बाबा खाली उभे राहून हातांनी त्याला सांगतात: उचल, थांब, हळू, इकडे घे. तिथे एवढा आवाज असतो की बोलून उपयोग नाही. पण वरून खाली हाताने सांगता येत नाही. लोखंड डोक्यावरून न्यायचं असलं की क्रेनवाला घंटी वाजवतो, आणि खालच्या माणसाने ती ऐकून बाजूला व्हायचं असतं.

घरीसुद्धा बाबा हातांनीच बोलतात. पोळी नको असली की तळहात आडवा हलवतात. पंखा कमी करायचा असला की बोट जमिनीकडे करून गोल फिरवतात, म्हणजे "हळूहळू खाली घे". आई चिडायची. "मी का तुमची क्रेनवाली हाव? तोंड नाही का तुमाले?" आम्ही हसायचो. आईचं म्हणणं असं होतं की लग्न झाल्यापासून हा माणूस तिचं काही ऐकूनच घेत नाही.

दिवाळीनंतर एका रविवारी बाबा स्वयंपाकघरात गॅसजवळ बसले होते. कुकरने शिट्टी दिली. दुसरी दिली. तिसऱ्या शिट्टीला वाफ त्यांच्या खांद्याजवळून वर गेली, आणि ते मला म्हणाले, "अजून शिट्टी कावून नाही झाली वं?"

मी गॅस बंद केला. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं की मला कळलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. मिलमध्ये जानेवारीत सगळ्यांची तपासणी होणार होती. डॉक्टर पाठीमागे उभा राहून हळू आवाजात आकडे म्हणतो, आपण ते परत म्हणायचे. नाही जमलं तर क्रेनखालून बाहेर. मी विचारलं, दुसरं काम देतील ना? "झाडू," बाबा म्हणाले. "तो बी दिला तर."

पण त्यांच्याकडे इलाज होता. मिलमधल्या एका ओडिया मिस्त्रीने तो सांगितला होता. इतक्या वर्षांत कानांत लोखंडाची बारीक धूळ जाऊन बसली आहे, म्हणून कान जाम झालेत. आणि लोखंडाला मीठ खातं. पुरीला घरांच्या खिडक्यांचे गज बघा, म्हणे, मीठ चाटून चाटून काडीएवढे बारीक झालेले असतात. तेच पाणी कानात गेलं की धूळ गंजून गळून पडणार. बाबांना हे पटलं, कारण त्यांचं सगळं आयुष्य लोखंड बघण्यात गेलं आहे आणि मीठ लोखंडाला काय करतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कानाची आकृती मी परीक्षेत काढली आहे, हिंदीत नावं दिली आहेत, पूर्ण गुण मिळाले आहेत. आतल्या नळीत केसांसारख्या बारीक पेशी असतात. रोजच्या मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि परत उगवत नाहीत. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा सुट्टीचा अर्ज केला होता, आणि आईने दोन स्वेटर धुऊन वाळत घातले होते.

पुरीला पहिल्या दिवशी आम्ही सूर्योदय बघायला गेलो. आईने शाल घेतली होती, बाबांनी माकडटोपी. समुद्र मी पहिल्यांदाच बघत होते. आधी तो दिसलाच नाही, फक्त ऐकू आला. अंधुक उजेडात नुसता धडधडाट, मग पांढरी रेघ, मग परत धडधडाट. बाबा बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "किती शांत हाय ना."

"शांत?" आई म्हणाली. "माहे कान फुटून राहिले, आन् यायले शांत वाटते!"

मी मोठ्याने हसले, बाबांनी विनोद केला असावा तशी. आईही हसली. बाबांनी दोघींकडे बघून उशिराने हसू आणलं.

आंघोळीला आम्ही नोलियाबरोबर गेलो. तिथले कोळी पांढरी टोकदार टोपी घालून किनाऱ्यावर उभे असतात आणि हाताला धरून लोकांना लाटांत नेतात, त्यांना नोलिया म्हणतात. आमचा नोलिया बाबांपेक्षा म्हातारा होता. लाट आली की तो ओरडायचा, "अब बैठो! अब उठो!" आई बरोबर बसायची, बरोबर उठायची. बाबा प्रत्येक वेळी चुकायचे. शिवाय ते मान कलती करून एक कान पाण्यात धरत होते.

नोलियाने समोर येऊन स्वतःच्या कानांवर हात ठेवून दाखवलं. "बाबूजी, कान ढको, पानी घुस जाएगा."

"घुसने दो," बाबा म्हणाले. "उसी के लिए आया हूँ."

दुसऱ्या दिवशी दुपारी आई उंटावर बसली. ती बसणार नाही म्हणत होती, मीच हट्ट केला. उंट उठताना आधी मागून उठतो हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आई पुढे कलंडली आणि किंचाळली, "अवं माय! उतरवा मले! उतरवा!" बाबा पुढे धावले. त्यांनी हात उंच केला, बोट खाली केलं आणि गोल फिरवायला लागले, हळू, हळू, खाली घे. उंटवाला त्यांच्याकडे बघतच राहिला. "भैया, ये ऊँट है," तो म्हणाला. आई उंटावर बसल्या बसल्या इतकी हसली की तिचे डोळे भरून आले. त्या पूर्ण सहलीतला हा एवढाच वेळ मला जसा होता तसा आठवतो. बाकी काहीही आठवलं की त्यात दुसरं काहीतरी मिसळतं.

त्याच संध्याकाळी आई एका दगडी कठड्यावर मुरमुऱ्याची भेळ खात बसली होती. बाबा मला म्हणाले, चल, चालून येऊ. आम्ही ओल्या वाळूवरून निघालो. सूर्य आमच्या पाठीमागे होता. थोडं लांब गेल्यावर बाबा थांबले, पुढेच बघत राहिले आणि म्हणाले, "घे टेस्ट. हिंदीत म्हण. डॉक्टर का मराठीत बोलन?"

मी पाच पावलं मागे उभी राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "बावन."

"बावन," बाबा म्हणाले.

"तैंतीस."

"तैंतीस."

मी दहा आकडे म्हणाले. त्यांनी आठ बरोबर सांगितले. ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा मी पूर्वी कधी न बघितलेला होता. "निघाली धूळ," ते म्हणाले. "सांगत होतो ना मी तुले?" मला वाटलं, पुस्तक चुकीचं असेल. खरंच वाटलं. पुस्तक लिहिणाऱ्याने कुठे मिलमधले कान बघितले असतील.

"अजून एक," बाबा म्हणाले आणि परत पाठ करून उभे राहिले. मी "चौवालीस" म्हणताना खाली बघितलं. माझी सावली लांबच लांब होऊन त्यांच्या पायांपुढे पडली होती. त्या सावलीचा हात वर होता. चार बोटं, मग परत चार बोटं. मीही त्यांचीच मुलगी. आकडा म्हणताना माझा हात आपोआप उठत होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

मी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि म्हणाले, "इकसठ."

बाबा थांबले. वाळूकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आवाज पडला तुहा. थकली तू. चल."

सावली वाचतोय हे त्यांना कळत होतं की नाही, ते मी कधी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी, परतायच्या आधी, बाबा एकदा शेवटचं पाणी घ्यायला गेले. गुडघाभर लाटेत समुद्राकडे पाठ करून, डोळे मिटून ते ओंजळीने कानात पाणी घालत होते. तेवढ्यात कोळ्यांची एक होडी किनाऱ्याला लागत होती. तिच्यात जाळं होतं, मागून लाट तिला ढकलत होती, आणि ती सरळ बाबांकडे येत होती. कोळी ओरडले, आधी ओडियात, मग "हटो, हटो!" मी "बाबा!" म्हणून ओरडत पळाले. किनाऱ्यावरचे सगळे लोक वळून बघत होते. ते एकटेच बघत नव्हते.

होडीची कड त्यांच्या कमरेला लागली. ते पडले, पाण्याखाली गेले, आणि दोन कोळ्यांनी त्यांना बखोटीला धरून वर काढलं. गुडघा सोलून निघाला होता, बाकी काही नाही. त्यातला एक जण रागाने त्यांच्या तोंडावर ओरडला. "बहरा है क्या? मर जाता अभी!"

आई मागून आली होती. बाबा वाळूवर बसून गुडघ्यावरची वाळू झटकत होते. ती त्यांच्या पाठीमागे उभी राहिली आणि मला घाबरवून टाकणाऱ्या अगदी साध्या आवाजात म्हणाली, "अहो. खरंच नाही येत का तुमाले ऐकू?"

बाबा वाळू झटकत राहिले. आईने तेच परत विचारलं. मग ती खाली बसली आणि तिने शालीने त्यांचे केस पुसायला सुरुवात केली.

गाडीत आई वरच्या बर्थवर तोंड फिरवून झोपून राहिली. मी बाबांच्या समोर बसले, त्यांना माझे ओठ दिसतील अशी, आणि सांगितलं. धूळ नाही. आतल्या पेशी मेल्या आहेत. त्या परत येत नाहीत.

"मिठाने?"

"कशानेच नाही."

"हे पुस्तकात हाय?"

"हो."

"तुले कवापासून मालूम होतं?"

"निघायच्या आधीपासून."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "मंग आलो कावून आपण?" नंतर ते म्हणाले, "बरं. आकडे म्हण. ओठ पाहून तरी शिकून घेतो."

"तो मागे उभा राहणार आहे, बाबा. आणि मी नाही म्हणणार. आज होडी होती. तिथे डोक्यावरून लोखंड जातं."

त्यांनी तळहात आडवा केला. थांब. दुर्गला ते सामान घेऊन आमच्या आधी उतरले.

जानेवारीत तपासणी झाली. त्या संध्याकाळी बाबा पेढे घेऊन आले. डॉक्टर मागे उभा राहिलाच नव्हता. रांग मोठी होती. त्याने समोरून तोंडाकडे बघत विचारलं, "सब ठीक? सुनाई देता है?" बाबा म्हणाले, "हाँ साहब." शिक्का बसला. आईने पेढा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "खाय. पास झाले तुहे बाबा." तिने स्वतः घेतला नाही. मी खाल्ला.

आई आता त्यांच्यावर चिडत नाही. तीही हातानेच सांगते, जेवायला या, डबा घ्या. पहिली पाळी असली की ते सहाच्या आधी सायकल काढतात. मी कॉलेजात वर्गात बसते आणि दोन वाजता त्यांची पाळी सुटेपर्यंत फळ्यावरचं काही डोक्यात शिरत नाही.

एकदाच मी तास सोडून मिलच्या गेटवर गेले. सुपरवायझरला काय सांगायचं ते वाटेत चार वेळा म्हणून पाहिलं होतं. मी सांगितलं तर बाबांचं काम त्याच दिवशी संपणार, आणि ते माझ्या तोंडून संपणार. नाही सांगितलं तर रोज दोन वाजायची वाट बघायची. आत शेडमध्ये क्रेनची घंटी वाजली. ती रस्त्यापर्यंत स्पष्ट ऐकू येत होती.

"किससे मिलना है?" चौकीदाराने विचारलं.

"गलत गेट पे आ गई," मी म्हणाले.

त्याने चांगुलपणाने मला पुढच्या कारखान्याचा रस्ता दाखवला. तो बघत होता म्हणून मी त्या बाजूला चालत गेले आणि वळणापुढे एका भिंतीजवळ उभी राहिले. पाळी सुटायची वेळ झाली तेव्हा रिक्षाने घरी आले.

बाबा माझ्यामागून पाच मिनिटांनी आले. सायकल लावली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "झालं कॉलेज?"

"हो," मी म्हणाले, आणि ऐकू गेलं नसेल म्हणून मानही हलवली.