पहिला मान

नव्या गाडीची पूजा झाली, चाकांखाली लिंबं चिरडली आणि देवळापर्यंत माझ्या शेजारी बसायचा पहिला मान रिवाजाप्रमाणे बाबांना मिळाला. मी दार उघडून उभी राहिले. बाबांनी एक हात टपावर ठेवला, दुसरा दारावर, आणि खाली पाहिलं. सीट पार जमिनीलगत. विहिरीत उतरावं तसे ते गुडघा सावरत हळूहळू आत उतरले.

रोज ऑफिसला नेता यावी आणि कधीतरी रेसट्रॅकवर मनसोक्त पळवताही यावी, अशी गाडी मला हवी होती. पिकअप, ब्रेक, टायर, वळणावरची पकड, सगळं विचारून मी शोरूमवाल्यांना भंडावून सोडलं होतं. बाबांचे गुडघे मात्र एकदाही आठवले नाहीत. माणूस आवडीची वस्तू निवडतो तेव्हा त्याच्या मनात कोण कोण आहे ते आपोआप उघडं पडतं. माझ्या मनात मी एकटीच होते.

वाटेत प्रत्येक गतिरोधकावर गाडीचं पोट घासत होतं आणि प्रत्येक खड्डा थेट त्यांच्या कमरेत जात होता.

"बाबा, त्रास होतोय का?"

"छे गं! गाडी झकास आहे. रस्तेच भिकार."

देवळाशी पोचल्यावर मी हात पुढे केला. तो न धरता ते म्हणाले, "तू हो पुढे, मी आलोच."

मी चार पावलं गेले आणि त्यांच्याकडे पाठ करून थांबले. उठताना आपल्याला कुणी पाहू नये, एवढंच त्यांना हवं होतं. आणि मला तर त्यांना तोंड दाखवायला जागाच उरली नव्हती.