म्हाताऱ्या हबचा मान

माझ्या बायकोची, कोकिळेची, ओळख करून द्यायची तर आधी आमचं स्वयंपाकघर दाखवायला हवं. प्रत्येक डब्यावर पांढरी पट्टी, पट्टीवर नाव, आणि डबा जरा जरी सरकला तरी बाईंना दारातूनच कळतं. मी शाळेत गणित शिकवतो, पण हरभऱ्याच्या डब्याजागी तुरीचा डबा ठेवल्याबद्दल मी जेवढी बोलणी खाल्ली आहेत तेवढी माझ्या अख्ख्या वर्गाने मिळून खाल्ली नसतील. हा स्वभाव धंद्यातून आला, की स्वभावामुळे ती त्या धंद्यात पडली, हे मला अजून सांगता येत नाही.

तिचा धंदा नेटवर्कचा. यावलच्या केळीवाल्या घरातली ही मुलगी डिप्लोमा करून चाळीसगावला एका केबलवाल्याकडे लागली, शिडी लावून खांबावर चढायला शिकली, आणि आता रोज सकाळी आमच्या पिंप्राळ्याच्या घरून स्कूटर काढून दवाखाने, पतसंस्था, शाळा असं कुठे कुठे फिरते. त्यातलं तिचं लाडकं ठिकाण म्हणजे गावाबाहेरचं केळी पिकवण्याचं केंद्र. तिथे बंद खोल्यांमध्ये हिरवी केळी ठेवतात आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून प्रत्येक खोलीचा गारवा सांभाळतात. खोल्यांच्या सगळ्या वायरी एका लोखंडी कपाटात येतात, आणि त्या कपाटात चपटे डबे एकावर एक रचलेले आहेत. कोकिळा त्यांना स्विच म्हणते. बाकी सगळं केंद्र हब म्हणतं. मीही हबच म्हणतो, कारण त्याने ती चिडते.

हे डबे मागच्या बाजूने आखूड केबलने एकमेकांना जोडले की ते वेगळे उरत नाहीत, सगळे मिळून एक होतात. त्यांच्यातला एक कारभारी बनतो आणि बाकीचे निमूट त्याचं ऐकतात. लग्न नवं होतं तेव्हा तिने मला हे समजावलं. मी म्हणालो, "म्हणजे आपल्या घरासारखंच." "हो," ती म्हणाली, "आणि कारभारी कोण ते तुम्हाला माहीतच आहे."

गेल्या दसऱ्याला तिचे वडील झुलाल आबा यावलहून आमच्याकडे जेवायला आले. आल्यापासून जरा घुश्शातच होते. शेतीचा कारभार त्यांनी मुलाकडे, प्रेमराजकडे, सोपवला त्याला बरेच दिवस झाले. "पहिलं ताट मलेच वाढतात," ते मला म्हणाले, "पन बाग कवा कापली ते मले शेजारी सांगतो." या खेपेला मात्र त्यांनी हट्ट धरला होता. नेहमीच्या व्यापाऱ्याला हिरवा माल द्यायचं सोडून, लेकीच्या शब्दावर सगळी केळी तिच्या त्या केंद्रात पिकायला ठेवली होती. प्रेमराज नको नको म्हणत होता. "आता हा माल बिघडला," आबा म्हणाले, "तं घरात मले कोनी पुसनार नाही. अन् तुलेबी नाही, कोकिळे."

खापरावरची पुरणपोळी ताटात पडली होती, मी तिच्यावर तूप सोडत होतो, आणि नेमका तेवढ्यात केंद्राच्या मुकादमांचा, तोतारामभाऊंचा, फोन आला. भाऊ मूळचे धुळ्याकडचे, बोलणं अहिराणी; त्यांचं 'बठ्ठं' म्हणजे सगळं. "ताई, पडदावर काहीच दिसत नही. बठ्ठ्या खोल्या बंद शेतस."

केळी पिकताना स्वतःच तापतात. गारवा थांबला की खोली तापत जाते आणि माल आतून मऊ पडतो. बरं, दारं उघडावीत तर पिकवणीचा गॅस निघून जातो आणि केळी अर्धी पिवळी, अर्धी हिरवी राहतात. आबांना यातलं काही सांगावं लागलं नाही. त्यांनी ताट बाजूला सारून टोपी चढवली. मीही पोळीकडे शेवटचं एकदा पाहून गाडी काढली.

केंद्रात शुकशुकाट होता. पूजा करून माणसं घरोघर गेली होती. दसऱ्याला हत्यारांची पूजा तशी सगळीकडेच होते, इथे ती हबांचीही होते. आदल्या वर्षी कोणीतरी झेंडूची माळ थेट डब्यांनाच घातली, पाकळ्या आतल्या पंख्यात गेल्या आणि कोकिळेने सगळ्यांना धारेवर धरलं. म्हणून यंदा तिने आधीच बजावलं होतं की पूजेआधी डबे बंद करा, कोरड्या फडक्याने पुसा, एकही वायर काढू नका. तोतारामभाऊंनी ते शब्दशः पाळलं होतं. माळ कपाटाच्या बाहेर, डब्यांवर हळदकुंकवाचं एकेक बोट, वायरी जागच्या जागी, आणि सगळे दिवे हिरवेगार. तरी पडदा कोरा.

कोकिळा गुडघ्यांवर बसून मागच्या केबली चाचपू लागली. तिची दसऱ्याची पैठणी धुळीत लोळत होती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. आबा एका खोलीच्या दाराला तळहात लावून उभे होते. मला खरंच भीती वाटली. माल जाईल याची होतीच, पण या बापलेकींपैकी कोणाचंही तोंड त्यानंतर मला बघवलं नसतं.

एकाएकी ती थांबली. "भाऊ, पूजा झाल्यावर यातला कोणता डबा आधी सुरू केलात?"

"हाऊ खालना," भाऊंनी बोट दाखवलं. "बठ्ठास्मा मोठा हाऊच शे ना. मोठाले पहिले मान देतस, ताई. त्यानी आरती करी, त्याले चालू करं, मंग बाकीना."

कोकिळा जमिनीवर फतकल मारून हसायला लागली. तो खालचा डबा केंद्र उघडलं तेव्हाचा, सगळ्यांत जुना. कारभार तिने कधीच वरच्या नव्या डब्याकडे दिला होता. सगळे एकदम सुरू झाले असते तर नवाच कारभारी झाला असता. पण एकटा जुना आधी जागा झाला, आजूबाजूला कोणी नाही असं पाहून त्याने गादी धरली, आणि मागून आलेल्या नव्यांना स्वतःच्या काळची वायरींची मांडणी लावून दिली. त्या काळी यातल्या बऱ्याच खोल्या बांधल्याही नव्हत्या, आणि होत्या त्यांच्या वायरीही नंतर बदललेल्या.

तिने सगळं बंद केलं, आधी नवा सुरू केला, मागोमाग बाकीचे. थोड्या वेळाने पडद्यावर एकेक खोली दिसू लागली आणि भिंतीपलीकडे पंखे घरघरले. आबांनी दारावरचा हात काढून डोळ्यांना लावला.

तोतारामभाऊ मात्र खाली मान घालून उभे होते. "चुकी व्हयनी मनी. त्या म्हातारा डब्बाले काढी टाका, ताई."

"चूक तुमची नाही, माझी," ती म्हणाली. "दसऱ्याला मान आधी कोणाचा, हे मला सुचायला हवं होतं. आणि तो चांगला धडधाकट आहे, त्याला कशाला काढायचं?" तिने पिशवीतून लॅपटॉप काढून जुन्या डब्याला जोडला आणि बराच वेळ काहीबाही टाइप करत बसली.

"आता काय करू राह्यली?" आबांनी विचारलं.

"नव्याला जे माहीत आहे ते सगळं यालाही सांगून ठेवतेय. आजवर ते राहूनच गेलं होतं. आता पुढच्या दसऱ्याला भाऊंनी याला आधी उठवलं तरी काही बिघडणार नाही."

आबा त्या हळदकुंकू लावलेल्या डब्याकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "हे जरा प्रेमराजले सांग."

तिने तिथूनच भावाला फोन लावला आणि बोलत बोलत अंगणात गेली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण आवाज आमच्या डाळीच्या डब्यांवरून चढतो तसाच चढला होता.

दुसऱ्या दिवशी खोल्या उघडल्या तेव्हा केळी एकसारखी पिवळी निघाली. आबा माल बघायला राहिलेच होते; संध्याकाळी आम्ही उरलेली पोळी तव्यावर गरम करून जेवत होतो. आबांचा फोन वाजला. प्रेमराज विचारत होता, "आबा, पुढचा माल कुठी द्यायचा?"

आबांनी घास खाली ठेवला. उत्तर त्यांच्याजवळ तयार होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तरी ते आधी सावकाश पाणी प्यायले.

"थांब," ते म्हणाले, "कोकिळेले इचारून सांगतो."