मिश्रीची सुट्टी

आमच्या पेणच्या घरात चळवळीच्या पत्रकांची कमतरता कधीच नव्हती. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. त्यामुळे नव्वदच्या दशकाच्या शेवटी, रोह्याला कॉलेजात असताना, मी स्वतः पत्रक काढलं त्याचं घरात कुणाला नवल वाटलं नाही. विषय होता मिश्री. माझी आत्या खाडीकाठच्या मिठागरात कामाला होती. तिथल्या बायका भाजलेल्या तंबाखूची ती पूड दातांना घासत आणि ऐन तरुणपणी दात गमावून बसत. 'मिश्री सोडा, पेस्ट वापरा,' असं मी ठणकावून लिहिलं आणि मिठागरावर जाऊन वाटलं.

चार दिवसांनी आत्या तणतणतच घरी आली.

"काय गो, काय लिवून ठेवलंस? मुकादम म्हणतो, मिश्री वाईट, तुमच्याच पोरीनं छापलंय. आता मिश्री बंद, नि मिश्रीला बसायचं पण बंद."

मिश्री लावायला म्हणून बायका सकाळ-दुपार घटकाभर बांधावर बसत. जेवण सोडलं तर पाठ टेकायला मिळे तो तेवढाच वेळ.

"मग काय लिहू? मिश्री लावा म्हणून?"

"मला काय इचारतेस? कॉलेजात तू जातेस. बसायला मिळंल असं कायतरी लिव."

मी रसायनशास्त्राच्या सरांना गाठलं. ते म्हणाले, लाळेत एक अमिनो आम्ल असतं. तोंडातले काही जंतू त्यापासून अमोनिया तयार करतात आणि दात किडवणाऱ्या आम्लाचा जोर त्याने ओसरतो. ते अमिनो आम्ल टूथपेस्टमध्ये घालून पाहण्याचे प्रयोग परदेशात चालले होते.

"आपल्या दुकानात यायला अवकाश आहे," सर म्हणाले. "तोवर लाळ सांभाळा. तोंड कोरडं राहिलं की दात लवकर किडतात."

दुसऱ्या पत्रकात मी तेवढंच लिहिलं: उन्हात तोंड सुकतं, लाळ आटते आणि दात किडतात, म्हणून सकाळ-दुपार काम थांबवा, बसून पाणी प्या. ते मी मिठागरावर, बायकांसमोरच मुकादमाच्या हातात दिलं.

"बसून कशाला? उभ्यानं पाणी जात नाय काय?"

"त्याच पोरीनं छापलंय, मुकादम," आत्या म्हणाली. "एक मानायचं नि एक नाय, असं कसं?"

बायका हसल्या. मुकादमाने पत्रक घडी करून खिशात घातलं आणि तो दुसऱ्या टोकाला निघून गेला. बायका बांधावर बसल्या.

पहिल्या पत्रकातला शब्दन्‌शब्द मला आजही मान्य आहे. पण त्या दिवशी पाण्याचा तांब्या फिरून झाल्यावर आत्याने कनवटीची मिश्रीची डबी काढली.

"आत्या!"

"पाणी प्यायले ना गो?" ती म्हणाली. "आता लाळ सुटाया नको?"