चार ओळींची जागा

वाचकाचा प्रश्न हातात आला की आमचे संपादक आधी चष्मा काढत, त्या कागदावर ठेवत आणि म्हणत, "थांब गड्या. ह्येला इचार करून सांगावं लागंल." प्रश्न काय, तर गगनगडी उडताना गॉगल का लावतो. त्यांचा विचार होईपर्यंत माझा चहा निवायचा. मग ते सावकाश लिहीत, "चिलटं डोळ्यात जातात."

गगनगडी हा साताऱ्यातून निघणाऱ्या आमच्या छोट्याशा मासिकाचा नायक. खांबावर चढलेला असताना अंगावर वीज पडलेला वायरमन, तेव्हापासून उडतो. कथा संपादक लिहीत, चित्रं मी काढतो. पण पोरं अंक हातात पडला की कथेच्या आधी शेवटचं पान उघडत, कारण तिथे त्यांच्या प्रश्नांना उत्तरं असत. गगनगडीला उडताना लघवी लागली तर? "खाली उतरतो. खाली माणसं असतात." तो सापाला भितो का? संपादक मूळचे शिराळ्याचे, नागपंचमीच्या गावचे, त्यामुळे हा प्रश्न त्यांना घरचाच वाटला. "भितो. पण सापाला त्रास देत नाही."

ते फौजेतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. युनिटमधल्या जवानांची पत्रं लिहून देणं, आलेली वाचून दाखवणं, हे काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं होतं. आता बहुतेक प्रश्न ऑफिसच्या मोबाइलवर आवाजात येत, तरी ते प्रत्येक प्रश्न कागदावर उतरवून घेत. छापलेलं प्रत्येक उत्तर एका हिरव्या वहीत लिहीत. वहीत गेलं ते कायम. कथा त्याच्याबाहेर जाता कामा नये.

हे मला महागात पडलं होतं. एकदा सांगलीच्या पुरात गगनगडी पोहत जाऊन माणसं वाचवतो अशी आठ पानं मी काढली. जीव ओतून काढली. त्यांनी वही उघडली आणि बोट ठेवलं. कधीतरी एका पोराला उत्तर गेलं होतं, गगनगडीला पोहता येत नाही.

"कुणाच्या लक्षात आहे ते?" मी वैतागून म्हणालो.

"ज्यानं इचारलं त्याच्या. छापलं म्हंजे शब्द दिला रं. काढ होडी."

मी होडी काढली. आठही पानांवर. मनातल्या मनात म्हातार्‍याला काय काय म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मागच्या वर्षी त्यांना छातीत दुखलं आणि आठ दिवस दवाखान्यात राहावं लागलं. जाताना त्यांनी उत्तरांचं पान माझ्यावर सोपवलं. "जमतील तेवढीच उत्तरं दे. पिवळ्या पाकिटातल्या प्रश्नांस्नी हात लावू नगं."

मी सगळी उत्तरं लिहिली, पान लावलं, आणि खाली चार ओळींची जागा उरली. छपाईची वेळ झालेली. त्या जागेत एखादं फूल टाकता आलं असतं, गगनगडीचा गॉगल टाकता आला असता. मी चित्रकार माणूस, मला काय अवघड होतं? पण मी पिवळं पाकीट उघडलं. वरचाच कागद कडेगावच्या एका मुलीचा होता. 'गगनगडीची आई परत येणार का?' पहिल्याच अंकात ती पुरात वाहून गेलेली आम्ही दाखवली होती. मी झोकात लिहिलं, 'नक्की येणार! दिवाळी अंकाची वाट पाहा!' पान भरलं. उद्गारचिन्हांसकट छान दिसत होतं.

संपादक परत आले, अंक चाळला आणि शेवटच्या पानावर थांबले.

"ह्ये कुनी घातलं?"

"मी. जागा उरली होती."

ते रागावले नाहीत. पाकिटातले सगळे कागद काढून त्यांनी माझ्यापुढे मांडले. सहा कागद, सगळे त्याच मुलीचे, सगळ्यांवर तोच प्रश्न. नऊ वर्षांची पोर, वडील साखर कारखान्यात, आई गेल्याला वर्ष झालेलं. दर महिन्याला ती वडिलांच्या मोबाइलवरून इतर काहीबाही विचारायची आणि शेवटी हे. बाकीच्याला संपादक उत्तर देत. हा प्रश्न बाजूला ठेवत.

"सा म्हैनं झालं, मला न्हाई जमलं," ते म्हणाले. "तुला चार वळीत जमलं."

मी मान खाली घालून म्हणालो, मग आणू या आईला परत. आपलीच तर कथा आहे, कोण अडवतंय? त्यांनी कागद गोळा करून पाकिटात परत घातले. मग म्हणाले, "आन तिची?"

फोन करा, असंही मी सुचवून पाहिलं. "वाईट खबर समोर बसून सांगायची. फौजेत लय वेळा सांगितलीया." दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिशवी घेऊन निघाले. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं होतं. दारात थांबून त्यांनी विचारलं, "येतूस का?"

मी म्हणालो, पुढच्या अंकाचं मुखपृष्ठ राहिलंय. मुखपृष्ठ आदल्या दिवशीच छपाईला गेलं होतं, आणि ते त्यांनीच पाठवलं होतं. ते फक्त "बरं" म्हणाले.

संध्याकाळी परतले ते थकून. मी पाणी दिलं.

"काय म्हणाली?"

"इचारलं, मग छापलं कशाला? म्या म्हनलं, माजी चूक झाली."

"तुमची कशी? मी लिहिलं होतं."

"संपादक कोन हाय?" एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. मला त्या क्षणी काय वाटलं असेल? सुटल्यासारखं वाटलं. आज लाज वाटते, पण तेव्हा सुटल्यासारखंच वाटलं.

पंधरवड्याने ते गेले. डॉक्टर म्हणाले, प्रवासाचा त्याच्याशी संबंध नाही. मी त्यांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं, आणि दोन्ही वेळा मला पटलं नाही.

ते गेल्याच्या तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या मोबाइलवर कडेगावहून आवाज आला. "काका, तुमी गेल्याव मी लय रडले. आय येनार न्हाई ते मला म्हाईत हुतं, पन कुनी म्हनतच न्हवतं. आवं, तुमी चुकला म्हनून वाईट वाटून घिऊ नगा. मला राग न्हाई आला. तुमी परत येतो म्हनला हुता, कवा येताय?"

मी ऐकताच तिकडे तिच्या निरोपाखाली दोन निळ्या खुणा उमटल्या असतील. तिला त्या दिसल्या असतील. काकांनी ऐकलं, असं तिला वाटलं असेल.

मी दुसऱ्या दिवशी एसटीने निघालो. खरंच निघालो. कराडला उतरलो. कडेगावची गाडी फलाटाला लागलेली होती, कंडक्टर ओरडत होता. मी तिच्याकडे पाहत चहा घेतला, ती गेली, मग आणखी एक गेली, आणि मी सातारची गाडी धरली.

ऑफिसात येऊन तिच्या वडिलांना फोन केला. संपादक वारले, असं सांगितलं.  वडील म्हणाले, "लय मोठा मानूस. एका चुकीसाठी एवढ्या लांबनं आला. दुसरा कोन आला आसता?"

मी हो म्हणालो. ती चूक त्यांची नव्हती, माझी होती, हे सांगायचं राहून गेलं असं मी बरेच दिवस स्वतःला समजावत होतो. राहून कसलं जातंय? वडील फोनवर थांबले होते, मागे ती पोर "कोन हाय?" विचारत होती, आणि मी फोन ठेवला.