दोन नंबर नको

निवडणूक हरल्यावर माझा दादा एवढा हसला का? हे मी वहिनीला विचारलं, शेजारच्या डेनीला विचारलं, खुद्द दादालाही विचारलं. दादा म्हणाला, "गाडी काढ, भूक लागलीये." झालं. फेब्रुवारीत दादा गेला. कामावरून येऊन सोफ्यावर बसला तो उठलाच नाही. आता विचारणार कुणाला?

असो. चहा ओतून घ्या. मी कशी माती खाल्ली ते सांगतो.

दादा रिंगास्किडीला औषधांच्या कंपनीत इंजिनीअर होता. मी दहावीत गचकलेला. त्यानेच मला आयर्लंडला आणला, कॉर्कमधल्या एका हॉटेलात तंदूरवर लावला आणि स्वतःच्या घरात ठेवून घेतला. घर एका खेड्यात. गावात चर्च आहे, पब आहे, शाळा आहे, फक्त शाळेपर्यंत चालायला फुटपाथ नाही. दादाची मुलगी इरा ट्रॅक्टरच्या चाकांना खेटून शाळेत जायची. दादाने काउन्सिलला मेल पाठवून बोटं झिजवली आणि शेवटी स्वतःच काउन्सिलच्या निवडणुकीला उभा राहिला. पक्ष नाही, झेंडा नाही, काही नाही.

वहिनी म्हणाली, "अरे, तुला इथे ओळखतं कोण?"

"म्हणून तर दारोदार जायचं," दादा म्हणाला.

आता निवडणूक म्हणजे आपला विषय. गावाकडे मी सरपंचाच्या जीपवर भोंगा धरून उभा राहिलेला माणूस. मी विचारलं, "ढोल-ताशा सांगू का?" नको. "भोंगा?" नको. "निदान मिसळ?" दादाने हात जोडले. "बाबा रे, दार वाजवायचं, हसायचं, कागद द्यायचा आणि निघायचं. जमेल?"

याला काय निवडणूक म्हणतात का, सांगा.

इथे मत म्हणजे शिक्का नाही, उमेदवारांच्या नावांपुढे एक, दोन, तीन असे आकडे लिहायचे. मग प्लॅस्टिकच्या पाट्या आल्या. दादाचा फोटो, नाव, मोठ्या अक्षरात 'एक नंबर द्या' आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ. माझं इंग्रजी जेमतेम, म्हणून इराला विचारलं. ती म्हणाली, "इट सेज नंबर टू इज ग्रँड टू, काका."

म्हणजे दोन नंबरही चालेल? माझं डोकंच फिरलं. मत मागायचं आणि वर म्हणायचं, दुसऱ्याला देऊन उरलं तर द्या? आमच्या तालुक्यात असं कुणी बोललं असतं तर घरच्यांनीही मत दिलं नसतं. दादाला न विचारता मी फाटकासाठी आणलेला काळा रंग काढला आणि प्रत्येक पाटीवरची ती ओळ काळ्या पट्ट्याने झाकून टाकली. मग पाट्या खांबांवर इतक्या उंच बांधल्या, की रंग खालून कुणाला दिसला नाही. दादालाही नाही.

मग डेनीकडे गेलो. डेनी म्हणजे आमच्या कुंपणापलीकडचा म्हातारा शेतकरी, गोठ्यात दोन गायी, दोन वासरं आणि तोंडात सगळ्या गावाच्या बातम्या.

"टिमही उभा आहे, एक नंबर त्याला द्यावा लागणार बघ," तो म्हणाला. "माझ्या मावशीचा मुलगा आहे, इलाज नाही. तुझ्या भावाला दोन नंबर देतो. ग्रँड?"

"नाही ग्रँड," मी म्हणालो. "द्यायचा तर एक द्या. दोन नको."

"अरे पण दोन नंबर म्हणजे..."

"आमच्या घरात कुणी उष्टं खात नाही."

डेनीने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. "बरं बाबा. वाईट वाटून घेऊ नकोस."

मी छाती काढून घरी आलो. आणि डेनीने काय केलं? रविवारी चर्चमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला बाजूला घेऊन सांगितलं, की त्या इंडियन घरात दोन नंबर दिला तर अपमान समजतात, त्यांची पद्धत आहे, सांभाळून घ्या. इथले लोक फार सभ्य हो. सगळ्यांनी सांभाळून घेतलं.

मतमोजणीच्या हॉलमध्ये दादा शेवटपर्यंत टिकला. खरं सांगतो, मला रडू यायचं बाकी होतं. एक जागा उरली, आणि टिम बाद झाला. मी उडी मारली. दादा म्हणाला, "थांब, आता खरी गंमत. टिमला एक नंबर दिलेल्या प्रत्येक मतपत्रिकेवर दोन नंबर ज्याला असेल, ते मत त्याच्याकडे जाणार."

"म्हणजे दोन नंबरचं मतही मोजतात?"

"अरे, इथे माणूस निवडूनच दोन नंबरवर येतो. आपलं सगळं गणित त्याच्यावर आहे."

टेबलावर टिमच्या कागदांचे गठ्ठे उलगडले. एकावर एक कागद, टिमसमोर एक आणि पुढे सगळं कोरं. दादाच्या वाट्याला मूठभर मतं आली. पलीकडचा माणूस निवडून आला.

दादाने डेनीला गाठलं. "डेनी, तुमच्या लोकांनी दोन नंबर दिलाच नाही?"

"असं कसं देणार?" डेनी म्हणाला. "तुमचा मान आहे ना. तुझ्या भावाने बजावून सांगितलं होतं."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी बुटांकडे पाहिलं. आणि दादा हसायला लागला. इतका हसला, की खुर्ची मागवावी लागली.

फुटपाथ अजून झालेला नाही. इराला आता मी शाळेत सोडतो, ट्रॅक्टरच्या बाजूने मी चालतो.

दादाला निरोप द्यायला अख्खा गाव रांगेत उभा होता. टिमही होता. डेनी माझा हात धरून म्हणाला, "पाटी एक राहिलीये माझ्याकडे. गोठ्याच्या खिडकीला लावलीये, वारा येत होता. हवी तर ने."

परवा गेलो. दादा खिडकीत हसत होता आणि खाली माझा काळा पट्टा. डेनीने थिनर दिलं, चिंधी दिली. पट्टा घासून घासून खालची ओळ उघडी केली. पाटी घरी न्यावीशी वाटत होती, पण वासरं गारठली असती. पुन्हा तिथेच ठोकली.

आता गावात दादासाठी दोन नंबर मागणारी ती एकच पाटी आहे, आणि मतदार म्हणाल तर दोन वासरं. निघताना मी त्यांच्यासमोर रीतसर हात जोडले आणि म्हणालो, "एक नंबर कुणालाही द्या. दोन आमच्या दादाला."