हलवलेलं कुणाला कळू नये

अगं धाकटे, फोन ठेवू नकोस. बारामतीत बसून मघाशी काय म्हणालीस, "आपा, तुझी नात नुसती खुर्ची उबवतीया"? बहीण म्हणून ऐकून घेतलं. आता ती काय करते ते ऐक.

कम्प्युटरच्या पोटात एक कारभारी प्रोग्रॅम असतो. बाकीच्या प्रोग्रॅमना तो मेमरीतली जागा वाटतो, लहान लहान पानांत. दर वेळी कुठलं पान कुठं आहे ते शोधत बसावं लागतं. म्हणून पाचशे बारा पानांची जागा सलग मिळाली, की त्यांचं एकच मोठं पान करायचं. एकदा शोधलं की झालं. पण सलग जागा मिळते कुठं?

हे तिनं मला गच्चीवर सांगितलं, कुरडया घालताना. माझी फडकी इथंतिथं पसरलेली, अख्खी साडी अंथरायला जागा नव्हती. मी एकेक फडकं कडेला सरकवत होते.

"दादी, माझं काम हेच हाय. फकस्त तितं फडक्यावर माणूस बसलेला असतो, म्हंजे चालू प्रोग्रॅम."

"मग उठव की त्याला!"

"उठवायचं न्हाय. त्याचा पत्ता तोच ऱ्हातो, खालची जागा बदलती. त्याला कळतबी न्हाय."

अगं, मी ऐकतच राहिले. सोऱ्यातला चीक साडीवर पडायचा तो माझ्या पायावर पडला.

हा कारभारी जगभरातली माणसं मिळून लिहितात. त्यात तिनं सुचवलेला बदल त्यांनी दोनदा परत पाठवला होता. पानं हलवताना मशीन अडखळतं म्हणे. "आता न्हाय जमलं तर सोडते," म्हणाली. ताटावर नीट बसतसुद्धा नव्हती पोरगी.

परवा दुपारी तिनं मला शेजारी बसवलं. पडद्यावर एक घड्याळ पळत होतं.

"मशीन मोजतंच हाय, पर तूबी बघ. अडखळलं तर सांग."

आधी ती सगळी पानं एका दमात हलवायची. आता थोडी हलवायची, थांबायचं, दुसऱ्यांना काम करू द्यायचं. खाली हजारो पानं जागा बदलत होती आणि वर काटा आपला पळतोय! खरं सांगते, नमाजातसुद्धा माझं मन इतकं एका जागी राहत नाही.

"अडखळलं का, दादी?"

"न्हाय गं माझे बाई. एकदाबी न्हाय!"

बदल पाठवलाय तिनं. त्या लोकांची मशीनं केवढाली, तिथं काय होईल कुणाला ठाऊक. पोरगी सारखी मेल उघडून बघते. मला नुसतं बघत बसता येतं. तिला हसवायला तूच लागतेस. उत्तर काहीही येवो, त्याच्या आधी तू इथं लासुर्ण्यात पोच. ये गं लवकर.